मोघम कोड चालणार नाही

आमच्या इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखोलीला लागून, तीन टेबलं आहेत. वर डॉक्टर पेशंट तपासतात, काय झालंय ते लिहितात आणि तो मजकूर खाली आमच्याकडे येतो. आम्ही तो वाचून दुखण्याला त्याचा कोड लावायचा, एवढंच आमचं काम. पुढे विमा कंपनी असो, सरकार असो की दुसरा डॉक्टर, सगळे आधी तो कोड बघतात. एकतीस वर्षं मी हे करतेय, आणि माझ्या हातून चूक होत नाही असं ज्याला त्याला ऐकवायची मला खोड होती.

२०१५ च्या ऑक्टोबरच्या एक तारखेला कोडांचं जुनं पुस्तक बंद झालं आणि नवं लागू झालं. चौदा हजार कोड होते, ते जवळजवळ एकोणसत्तर हजार झाले. त्याआधी वर्षभर प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच. इस्पितळाच्याच टेकडीवरच्या दवाखान्यातले डॉक्टर कटलिप म्हणायचे, "आजवर पुढे ढकलत आलेत, आताही ढकलतील," आणि प्रशिक्षणाकडे फिरकलेही नाहीत. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या डीनाची समजूत अशी की जुना कोड टाकला की यंत्र आपोआप नवा काढून देणार, आपण नखं रंगवत बसायचं. नव्या पुस्तकात बदक चावल्याचाही कोड आहे, त्यामुळे वरच्या नर्सना वाटलं की आता आलेल्या प्रत्येकाला कुठलं जनावर चावलं ते विचारावं लागणार. "मिस वनीटा, बदक डावीकडून आलं तर काय लिहू?" असं जिन्यात मला रोज कुणीतरी छेडायचं. मी एकेकीला फटकारायची. अगं, यंत्र फक्त जवळपासचं नाव दाखवतं, निवडायचं आपण. अगं, बदक चावलं असेल तरच बदक लिहायचं.

गैरसमज माझाही एक होता. पण तो भिंतीवर छापून लावलेला असल्यामुळे मला तो गैरसमज वाटला नाही. आमची मुख्य ग्रेचन कुठलंसं व्याख्यान ऐकून आली होती आणि तिने मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता : "मोघम कोड चालणार नाही. परत येईल." दुखणं नेमकं कळलेलं नसेल तेव्हा लावायला पहिल्यापासून मोघम कोड असतात. शुद्ध हरपली, कारण माहीत नाही. पोटात दुखतं, कारण माहीत नाही. नव्या पुस्तकातही ते होते. पण त्या आठवड्यात आम्ही तिघी त्यांच्या वाटेला जात नव्हतो. विमा कंपनीकडून परत आलेला कागद म्हणजे नाक कापलं, आणि माझं नाक जरा लांबच आहे.

दोन तारखेला, शुक्रवारी, माझ्यापुढे ओलेटा स्वाइगरचा कागद आला.

ओलेटाला आमच्या रस्त्यावर कोण ओळखत नाही? बावीस वर्षं ती नऊ नंबरची शाळेची बस चालवत होती. रोज सकाळी पावणेसातला ती माझ्या टपालपेटीपाशी वळायची आणि दोनदा हॉर्न द्यायची. मी दारात कॉफी घेऊन उभी असले की एक हात वर. आमची काही घरोब्याची मैत्री नव्हती, पण त्या दोन हॉर्नशिवाय माझा दिवस सुरू होत नसे.

आदल्या दिवशी, सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्या मधल्या वेळात, ती चर्चच्या अंगणात सफरचंदाचा गर आटवायला गेली होती. आमच्याकडे दर शरदात बायका तांब्याचा मोठा हंडा मांडतात आणि आळीपाळीने सहा-सात तास ढवळतात. ओलेटा जाळाशेजारी उभ्या उभ्या कोसळली. तिला डॉक्टर कटलिपांकडे नेलं. त्यांनी लिहिलं होतं : "शुद्ध हरपली. हात थोडे झटकले. फिट? मेंदूची तपासणी २७ ला." खाली तिच्या औषधांची यादी होती.

प्रश्नचिन्ह मला दिसलं होतं. ते दिसलं नाही असं मी कधीही म्हणणार नाही. आमचा नियमही मला पाठ आहे : दवाखान्यात येऊन गेलेल्या पेशंटच्या कागदावर डॉक्टरने शंका लिहिली असेल तर शंकेचा कोड लावायचा नाही, जे दिसलं त्याचाच लावायचा. म्हणजे शुद्ध हरपली, बस्स. पण तो पडला मोघम. आणि भिंतीवर तो कागद.

मग मी यादीतलं एक औषध बघितलं. ते फिट्स येणाऱ्यांना देतात. मी मनाशी म्हटलं, अच्छा, म्हणजे हिला आधीपासूनच आहे, आणि कटलिप नेहमीप्रमाणे अर्धवट लिहून मोकळे झालेत. डॉक्टरला विचारायची आमची रीत आहे. विचारणापत्र म्हणून एक कागद असतो, तो पाठवायचा. पण कटलिपांना पाठवलेलं पत्र म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. मी पत्र पाठवलं नाही. अपस्माराचा कोड लावला, चार मिनिटांत कागद हातावेगळा केला आणि डीनाला म्हटलं, "बघ, असं वाचायचं असतं."

पुढच्या आठवड्यात ते दोन हॉर्न वाजले नाहीत. बस यायची, पण चालवणारा कुणीतरी टोपीवाला माणूस. मला वाटलं, ओलेटा विश्रांती घेत असेल.

सोळा तारखेला, शुक्रवारी सकाळी सातला, मी पंपावरच्या दुकानात पेपरोनी भरलेला पाव घेत होते. गल्ल्यावर लवॉन असते. तिला गावातलं सगळं कळतं, आणि कळलेलं तिच्या पोटात राहत नाही.

"ओलेटाचं ऐकलंस?" ती म्हणाली. "फिट्स येतात म्हणे तिला. बावीस वर्षं लपवलंन बघ! चाळीस-चाळीस पोरं घेऊन त्या घाटातून जायची. माझी नात बसते त्या बसमध्ये."

"कोण म्हणतं?"

"अगं, ड्रायव्हरांच्या तपासणीच्या डॉक्टरने नापास केलंय तिला. कायमचं. आज चारला शिक्षण मंडळाच्या फळ्यावर तिच्या मार्गाची जाहिरात लागतेय. ज्याची नोकरी जास्त जुनी, तो घेईल. तुला गरम करून देऊ का पाव?"

पाव माझ्या हातातच राहिला. आमच्या जिल्ह्यात फळ्यावर लागलेला मार्ग परत मिळत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. चर्चच्या अंगणात कोसळल्यावर मंडळाने ओलेटाला पुन्हा तंदुरुस्तीचा दाखला आणायला सांगितला असणार. दाखला देणाऱ्या डॉक्टरने आमच्याकडचे कागद मागवले असणार. आणि कागदाच्या माथ्यावर, निदानाच्या रकान्यात, माझा कोड आणि त्यासमोर छापलेला शब्द.

तळघरात पोचल्याबरोबर मी ग्रेचनला सगळं सांगितलं आणि तिच्यासमोर तो कागद उघडला. या वेळी मी ओलेटाची मागची पानंही वाचली, जी मी दोन तारखेला वाचायला हवी होती. ते औषध तिला चार वर्षांपूर्वी दिलं होतं. अर्धशिशीसाठी.

ग्रेचन वाईट बाई नाही. तिने आधी दार लावलं.

"वनीटा, यंत्रावर ढकल," ती म्हणाली. "जुन्याचं नवं करताना यंत्राने चुकीचा कोड उचलला, असं लिही. या महिन्यात सगळेच तेच लिहिताहेत. कुणी विचारणारसुद्धा नाही."

"हा यंत्राने उचललेला नाही."

"ते तुला माहीत आणि मला माहीत. महिनाअखेरीला आपल्या चुका मोजायला बाहेरची माणसं येताहेत. तुझ्यासारखीच्या नावावर असली चूक दिसली तर डीनाचं आणि माझं काय होईल?"

मला मोह झाला. एकतीस वर्षांच्या नावाला डाग लागत नव्हता, ओलेटाचं कामही होत होतं, आणि लोकांना तर यंत्र चुकतं हे ऐकायचंच होतं. मी म्हटलं, "आधी डॉक्टरचं उत्तर तर आणू दे." कारण काहीही लिहिलं तरी कोड बदलायला डॉक्टरचा शब्द लागतोच. मी विचारणापत्र काढलं.

विचारणापत्राचा एक नियम आहे आणि तो मोडला तर ते पत्र रद्दी. डॉक्टरच्या तोंडी शब्द घालायचा नाही. "हिला अपस्मार नाहीच ना?" असं लिहायला माझे हात शिवशिवत होते. मी लिहिलं : "एक ऑक्टोबरच्या भेटीत आपण 'फिट?' असं लिहिलं आहे. आपल्या मते निदान काय, ते आपल्या शब्दांत लिहावे." एवढंच. त्यातून ते काय लिहितील याचा मला भरवसा नव्हता. फिट असं लिहिलं तर ओलेटा संपली, आणि त्यावर माझ्याकडे काहीही इलाज नव्हता.

पत्र घेऊन मी टेकडीवर गेले. सकाळभर कटलिप पेशंटमध्ये अडकलेले होते. दवाखान्यातली मुलगी मला तीनदा म्हणाली, "बसा हं, मिस वनीटा." डॉक्टर कटलिप शाळेच्या फुटबॉल संघाचेही डॉक्टर. त्या दिवशी बाहेरगावी सामना होता आणि संघ दीडला निघणार होता. एक वाजून दहा मिनिटांनी ते संघाचं जाकीट चढवत बाहेर आले. मी वाटेत उभी राहिले.

"आता काय, बदक?" ते म्हणाले.

"ओलेटा स्वाइगर, डॉक्टर. दोन मिनिटं."

त्यांनी पत्र वाचलं, मग निदानाचा रकाना वाचला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा शब्द कुणी घातला?"

"मी."

"मी प्रश्नचिन्ह दिलंय. तुला प्रश्नचिन्ह वाचता येत नाही?"

"येतं. पण आमच्या भिंतीवर लिहिलंय, मोघम लावलं तर परत येईल."

"म्हणून त्या बाईला अपस्मार देऊन टाकलास?"

माझंही डोकं तापलं. खरं तर तापायला मला काही तोंड नव्हतं, पण माझा स्वभावच तसा. "तुमच्या ट्रेमध्ये माझी एक्केचाळीस विचारणापत्रं पडलीत," मी म्हटलं. "एकाचं तरी उत्तर आलं असतं, तर बेचाळिसावं पाठवलं असतं."

खिडकीपलीकडची मुलगी फोनवर बोलायची थांबली. कटलिपांनी ट्रेकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं.

"सांग, काय लिहू? तसं लिहून सही करतो. खाली बस उभी आहे."

"मी सांगायचं नसतं, डॉक्टर."

"का?"

"मी सांगितलं आणि तुम्ही लिहिलं, तर ते माझं निदान झालं. ते एकदा होऊन गेलंय."

ते खुर्चीवर बसले. बाहेर संघाच्या बसने हॉर्न दिला. त्यांनी मान वर केली नाही.

"फिट नव्हती असं मी लिहिलं," ते हळू बोलले, "आणि उद्या घाटात, चाळीस मुलं मागे असताना, तिला खरीच आली तर? फिट होती असं लिहिलं आणि ती निघाली नुसती आगीची धग, तर? जाळाजवळ तीन तास उभी होती. पोटात काही नव्हतं. हात झटकले, पण साध्या चकरेतही झटकतात." गप्प राहणं मला इतकं जड कधी गेलं नव्हतं. "मला माहीत नाही, मिस वनीटा. म्हणून तर प्रश्नचिन्ह दिलं. सत्तावीसला तपासणी झाली की कळेल. माहीत नाही याला तुझ्याकडे कोड आहे का?"

"आहे."

"तुझी भिंत तर म्हणते की चालत नाही."

"भिंत चुकीची आहे. ज्याचं कारण कळलेलं नाही त्याला तोच कोड बरोबर. पूर्वीही होता, आताही आहे."

त्यांनी लिहिलं : "शुद्ध हरपली. कारण अद्याप माहीत नाही. अपस्माराचे निदान मी केलेले नाही. औषध अर्धशिशीसाठी." सही केली, वेळ टाकली आणि बसकडे धावत गेले.

तळघरात येऊन मी कोड बदलला. दुरुस्त कागदाच्या मागे दुरुस्तीचा अर्ज छापून येतो, आणि त्यात शेवटी एक रकाना असतो, चूक कशी झाली. ग्रेचन माझ्या खांद्यावरून बघत होती. मी लिहिलं : "लिहिणारीने औषधावरून अंदाज केला. चूक माझी. वनीटा हप." ग्रेचन जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. मला फार शूर वाटलं, उगाच कशाला नाही म्हणू. मला वाटलं, झालं, कबुली दिली, सुटले.

पण दुरुस्त कागद आम्ही परस्पर कुणाकडे पाठवू शकत नाही. पेशंटचा कागद पेशंटच्याच हातात द्यायचा, किंवा त्याची सही आणायची. म्हणजे ओलेटाच्या दारात जाणं आलं. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तपासणीचा दवाखाना जिल्ह्याच्या गावी, बावीस मैलांवर, शिक्षण मंडळाच्या समोर.

ओलेटाच्या मुलीने दार उघडलं. आत ओलेटा जमिनीवर, सतरंजीवर बसली होती. शेजारी मुलीची पाच महिन्यांची लेला उताणी पडून भोकाड पसरत होती. ओलेटाने दोन बोटं तिच्या पोटावर ठेवली होती. "रडतेय गं, घे तिला," असं ती मुलीला सांगत होती, पण स्वतः हलत नव्हती. मला ते जरा विचित्र वाटलं, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

"ओलेटा, चल. तुझा कागद चुकला होता. डॉक्टरांनी अपस्मार लिहिलेलाच नाही. चारच्या आत पोचायचंय."

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. "लिहिलेला नाही?"

"नाही. हे बघ."

तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "ते नवीन यंत्र आलंय ना तुमच्याकडे? त्यानेच केलं असेल. सगळे म्हणतात, घोळ घालतंय म्हणून."

मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "बूट घाल, उशीर होतोय."

भित्री बाई आहे मी. अर्जात लिहायला मला एक मिनिट लागलं आणि तिच्या तोंडावर बोलायला बावीस मैल पुरले नाहीत.

घाट उतरून वळलो आणि समोर पिवळी बस. नऊ नंबर. दुपारची फेरी. टोपीवाल्याने बस थांबवली, लाल दिवे लागले, बाजूची थांबा-पाटी बाहेर आली, ती असेपर्यंत मागच्या गाडीने थांबायचंच. दोन मुली उतरल्या. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. तीन वाजून वीस मिनिटं. बस सुटली, पाव मैल गेली आणि पुन्हा पाटी.

"या ठिकाणी तो फार पुढे थांबवतो," ओलेटा म्हणाली. "हॅनाला खड्ड्यात उतरावं लागतं."

तिसऱ्या थांब्यावर कुणी उतरेचना. समोरून गाडी नव्हती. रस्ता मोकळा. तीन पस्तीस.

"मी जाते पुढे," मी गाडी डावीकडे घेतली.

"वनीटा!" ओलेटाचा हात स्टिअरिंगवर आला. "पाटी बाहेर आहे."

"अगं, कुणी उतरत नाहीये! तुझीच नोकरी जातेय, कळतंय का तुला?"

"कोडी उतरायचाय. त्याची पिशवी नेहमी बाकाखाली अडकते. थांब."

आम्ही थांबलो. अर्ध्या मिनिटाने एक लहानगा पिशवी ओढत उतरला आणि रस्ता न बघताच आमच्या गाडीसमोरून पळाला. ओलेटाने स्टिअरिंगवरचा हात काढून घेतला. आणखी दोन थांबे बसच्या मागे गेलो, मग ती खिंडीकडे वळली.

चारला सहा मिनिटं कमी असताना आम्ही दवाखान्यात शिरलो. तपासणीचे डॉक्टर कोट घालून निघाले होते. ओलेटाने कागद पुढे केला. त्यांनी उभ्या उभ्याच वाचला, मग परत बसले.

"निदान कळलेलं नाही, तर मी पास करू शकत नाही, मिसेस स्वाइगर."

"माहीत आहे," ओलेटा म्हणाली.

"पण नापासही करता येत नाही. तपासणीचा निकाल येईपर्यंत निर्णय राखून ठेवतो." त्यांनी फोन उचलला, समोरच्या मंडळाच्या कार्यालयात लावला. "नऊ नंबरची जाहिरात लावू नका... हो, हातात असली तरी ठेवून द्या. बदली ड्रायव्हर चालू ठेवा." फोन ठेवून त्यांनी कागद उलटला. "पण हे झालं कसं? मला फाइलीत कारण नोंदवावं लागेल." आणि ते मोठ्याने वाचू लागले. "लिहिणारीने औषधावरून अंदाज केला. चूक माझी. वनीटा हप." त्यांनी वर बघितलं. "या वनीटा हप कोण?"

"मी," मी म्हणाले.

ओलेटाने माझ्याकडे मान वळवली नाही. डॉक्टरांनी सही केली, तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, त्यांचे आभार मानले. आम्ही जिन्याने उतरलो. रस्त्यापलीकडे मंडळाच्या काचेतून फळा दिसत होता, मधोमध रिकामा. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी मला वाटलं की आता बोललं पाहिजे.

"ओलेटा, मी तुला घरीच सांगणार होते..."

"तो शब्द वाचून मला वाटलं, डॉक्टरांनी माझ्यापासून लपवलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "पाच तारखेला दाखला मागायला गेले तेव्हा वाचला. तेव्हापासून न्हाणीघराची कडी लावलेली नाही. चुलीजवळ एकटी उभी राहिलेली नाही. अकरा दिवस मी लेलाला उचललेलं नाही, वनीटा. हातातून पडेल म्हणून."

मला रडू आलं. ती रडली नाही.

"फिट्स येतात का, एवढं मलाच विचारायचं होतंस गं," ती म्हणाली. "रोज दोनदा तुझ्या दारावरून जात होते मी."

घरी पोचल्यावर ती दार उघडून आत गेली, पर्स खुर्चीवर टाकली आणि अंगातला कोटही न काढता सतरंजीवरून लेलाला उचलून घेतलं. मी दाराशी उभी होते. तिने मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

सोमवारी मी भिंतीवरचा कागद काढला. सत्तावीसची तपासणी स्वच्छ निघाली. धग आणि उपाशी पोट, एवढंच कारण होतं. बाहेरच्या माणसांनी माझी चूक मोजली आणि माझ्या नावापुढे लिहिली. आता कटलिप आठवड्याला ट्रे रिकामा करतात, आणि त्यांच्या निम्म्या उत्तरांत "माहीत नाही" असतं. ते सगळे मोघम कोड मी बिनदिक्कत लावते. एकही परत आलेला नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओलेटा बसवर परतली. खालच्या वळणावर ती हॉर्न देते, ते मला ऐकू येतं. माझ्या टपालपेटीपाशी बस वळते तेव्हा मी कॉफी घेऊन दारात उभी असते. ती हॉर्न न देता समोर रस्त्याकडे बघत निघून जाते, आणि बस चालवताना तसंच बघायचं असतं.